मुक्या हेरांच्या गोष्टी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. चिटणीसबाईंच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



पाककृतींची स्पर्धा आणि आत्ताच झालेली ती सुंदर भजने यांच्यानंतर चोरांच्या आणि हेरांच्या गोष्टी ऐकायला तुम्हांला बसवून ठेवायचे, हे जरा विचित्रच दिसते. पण यात दोष माझा एकटीचा नाही. झाले असे, की आपल्या बालवाचनालयासाठी यंदा घ्यायच्या पुस्तकांची यादी मी कार्यकारिणीपुढे ठेवली. तीत सात-आठ पुस्तके हेरकथांची होती. ती पाहून आपल्यातल्याच एक ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या, "अहो, मुलांच्या हातात चोऱ्यामाऱ्यांची पुस्तके देता? मग प्रेम आणि दया त्यांना कोण शिकवणार?" बैठकीत हशा पिकला, यादी तहकूब झाली, आणि मला आज्ञा झाली की वर्धापनदिनाला वीस मिनिटे घ्या आणि तुमच्या हेरांची बाजू मांडा. तेव्हा मी आज येथे वकील म्हणून उभी आहे. माझे पक्षकार म्हणजे एक डुक्कर, एक उंदीर, एक ससा आणि दोन-तीन कुत्री. फी अर्थातच मिळणार नाही.

त्या भगिनींच्या बोलण्यात तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. मी स्वतः लहानपणी बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचल्या आहेत. त्यांनी अशा हजारांवर कथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही नावे ऐकली की आमच्या पिढीतल्या पुष्कळांचे डोळे अजून चमकतात. एकदा वडिलांनी मला पकडले आणि पुस्तक जप्त केले. रात्री पाणी प्यायला उठले, तर माजघरातल्या दिव्याखाली ते स्वतःच ते पुस्तक वाचत बसले होते. मला पाहून म्हणाले, "किती वाईट आहे ते पाहतो आहे." शेवटच्या पानापर्यंत पाहिले बरे का!

तर ती मोठ्यांची रहस्यकथा. तीत खून असतो, पिस्तूल असते. मुलांची हेरकथा ही जात निराळी. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आपल्या ओळखीचा आहेच. पण मी ज्या गोष्टींबद्दल बोलणार आहे त्यांत हेर माणूसच नसतो. तो प्राणी असतो, आणि माझे सारे म्हणणे या एका फरकावर उभे आहे.

प्रथम माझा डुक्कर पक्षकार. अमेरिकेत वॉल्टर ब्रुक्स नावाचे लेखक होऊन गेले. १९२७ पासून १९५८ मध्ये ते वारले तोपर्यंत त्यांनी फ्रेडी नावाच्या एका डुकराची सव्वीस पुस्तके लिहिली. त्यांतले 'फ्रेडी द डिटेक्टिव्ह' हे १९३२ सालचे. शेतकऱ्याच्या गोठ्यात राहणारा हा फ्रेडी शेरलॉक होम्सच्या गोष्टी वाचतो, आणि त्याला वाटते की आपणही हेर व्हावे. त्याची भागीदारीण कोण, तर विगिन्सबाई नावाची गाय! फ्रेडी हुशार, पण जरा बढाईखोर आणि भित्रा. विगिन्सबाई स्वतःला मंद समजते, पण वेळेला शहाणपणाची गोष्ट तीच बोलते. (ही जोडी कित्येक घरांत दिसते. असो.)

या पुस्तकात शेतकऱ्याच्या मुलाची खेळण्यातली आगगाडी नाहीशी होते. ती उंदरांनी पळवलेली असते. तिच्या आत बसून ते धान्याच्या पेटीपर्यंत जातात, म्हणजे मांजराला त्यांना काही करता येत नाही. मग त्याच मांजराचा काटा काढायचा म्हणून उंदीर एक डाव रचतात. जिंक्स नावाच्या त्या काळ्या बोक्याने एका कावळ्याला मारून खाल्ले, असा आरोप ते करतात आणि पुरावा म्हणून पिसे पुढे ठेवतात. खटला उभा राहतो. न्यायाधीश म्हणून कोंबडा बसतो. आता मांजर आणि पिसे एकत्र दिसली, की मांजर दोषी हे सांगायला कोर्ट कशाला हवे? गोठ्यातल्या जनावरांनाही तसेच वाटू लागते. एकटा फ्रेडी उभा राहतो आणि पुरावा खोटा असल्याचे दाखवून मित्राला सोडवतो.

ही गोष्ट मी आपल्या शनिवारच्या वर्गात सांगितली. निकालाच्या आधी थांबले आणि मुलांना विचारले, "दोषी कोण?" बावीस मुले होती. बाविसांनी एका सुरात सांगितले, "मांजर!" का म्हणून विचारले, तर एक मुलगा म्हणाला, "मांजरं असलीच असतात." दुसऱ्या एका गोष्टीच्या वेळी त्यांनी कोल्ह्याला दोषी ठरवले होते, तो गोष्टीत यायच्या आधीच! यात मुलांचा काय दोष? लबाड कोल्हा, चोरटे मांजर, अपशकुनी घुबड हे आपणच त्यांना घास भरवताना शिकवलेले असते. हे धडे मी स्वतः मुलांना आणि पुढे नातवंडांना दिले आहेत, तेव्हा मी कुणाला नावे ठेवीत नाही.

पण पुढच्या शनिवारी जिंक्स सुटला तेव्हा त्या बावीस मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होते. आनंद होताच, पण थोडी शरमही होती. "आपण त्याला उगाच म्हटलं," असे तो मुलगाच म्हणाला. "प्राण्यांवर दया करा" असे फळ्यावर लिहून शंभरदा वाचून घेतले असते, तरी ही शरम आली नसती. हेरकथा मुलाला आधी चुकू देते. मग त्याची चूक त्याच्याच हाताने त्याला काढायला लावते. आणि ज्याच्यावर आळ आला तो मुका प्राणी असला, म्हणजे आपली बाजू त्याला मांडता येत नाही. मुलाला ती मांडावी लागते.

उंदीर पक्षकाराबद्दल थोडक्यात सांगते. ईव्ह टायटस या लेखिकेने १९५८ साली बॅझिल नावाचा उंदीर निर्माण केला. तो लंडनला शेरलॉक होम्सच्या घराच्या तळघरात राहतो, होम्सचे बोलणे ऐकून विद्या शिकतो, आणि पळवून नेलेल्या दोन जुळ्या उंदीरकन्यांचा शोध लावतो. गोष्ट मोठी मजेची आहे, पण हुशारी अधिक आणि जिव्हाळा जरा कमी, असे माझे मत. मुलांना मात्र चित्रे फार आवडतात.

आता कुणी म्हणेल, या साऱ्या परदेशी गोष्टी; आपल्याकडे हेर आणि तोही जनावर, असे कुठे आहे? भगिनींनो, आपल्याकडे जो सर्वांत जुना हेर आहे, तो जनावर तर आहेच, शिवाय स्त्री आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सरमेची कथा येते. पणी नावाच्या लोकांनी गाई पळवून लपवून ठेवल्या. त्यांचा माग काढायला इंद्राने कुणाला पाठवले? देवांच्या कुत्रीला, सरमेला. ती रसा नावाची नदी ओलांडून एकटी तेथवर पोचली. पणींनी तिला लालूच दाखवली, तू आमची बहीण हो, गाईंचा वाटा घे म्हणाले. ती बधली नाही. माग काढणे, एकटीने जाणे आणि लाच न घेणे हे हेराचे तिन्ही गुण तिच्यात आहेत.

पण ज्या गोष्टीसाठी मी आज बोलायला कबूल झाले, ती जातकातली आहे. जातकांत एकूण ५४७ कथा. दुर्गाबाई भागवतांनी त्या 'सिद्धार्थ जातक' या नावाने सात खंडांत मराठीत आणल्या आहेत. आपल्यासारख्या मंडळाच्या कपाटात ते खंड असायलाच हवेत. त्यांतली बाविसावी कथा कुक्कुर जातक, म्हणजे कुत्र्याची.

काशीचा राजा ब्रह्मदत्त एके दिवशी रथात बसून उद्यानात गेला आणि संध्याकाळी परतला. रथ साजासकट अंगणातच राहिला. रात्री पाऊस पडला, साजाचे कातडे भिजून मऊ झाले, आणि कुत्र्यांनी ते खाऊन टाकले. सकाळी सेवकांनी सांगितले, "महाराज, गटाराच्या तोंडातून कुत्री आत शिरली." राजा संतापला. दिसेल ते कुत्रे मारा, अशी आज्ञा झाली. नगरात कुत्र्यांची कत्तल सुरू झाली. जी वाचली ती स्मशानात आपल्या नायकाकडे धावली. हा नायक म्हणजे बोधिसत्त्व, त्या जन्मी कुत्रा झालेला.

आता त्याची विचारसरणी पाहा. तो म्हणाला, राजवाड्याला कडक पहारा आहे. बाहेरच्या कुत्र्याला आत जायला वाट नाही. म्हणजे हे काम आतल्याच कुत्र्यांचे. होम्सने याहून निराळे काय केले असते? पण होम्स पाइप ओढीत बसला असता. हा कुत्रा, जिथे दिसेल तो कुत्रा मारायचा हुकूम होता, त्या नगरातून एकटा राजवाड्याकडे निघाला. मनात सर्वांविषयी मैत्री धरून तो चालला, आणि त्याच्यावर कुणी दगड उचलला नाही की काठी उगारली नाही, असे कथाकार सांगतो. तो न्यायसभेत गेला आणि राजाच्या आसनाखाली जाऊन बसला. सेवक हाकलू लागले तेव्हा राजानेच त्यांना थांबवले.

मग त्या कुत्र्याने राजाची उलटतपासणी घेतली. कुत्री का मारता? रथाचे कातडे खाल्ले म्हणून. कोणत्या कुत्र्यांनी खाल्ले हे ठाऊक आहे का? नाही. मग सगळीच मारता का? नाही, राजवाड्यातली जातिवंत कुत्री सोडून. हे ऐकल्यावर तो म्हणाला, की मग हा न्याय नव्हे, ही दुबळ्यांची कत्तल आहे. आपण 'चोर सोडून संन्याशाला सुळी' म्हणतो, त्याचाच हा प्रकार.

राजाने पुरावा मागितला. कुत्र्याने ताक आणि दर्भ मागवले, दर्भ ताकात चुरून राजवाड्यातल्या कुत्र्यांना पाजायला लावला. पोट बिघडले की कुत्रे गवत खाते, हे आपण अंगणात पाहिलेलेच असते. ती कुत्री ओकली, आणि ओकारीत कातड्याचे तुकडे पडले. राजाने त्याच्यापुढे आपले श्वेतछत्र ठेवले. ते त्याने परत केले आणि राजाला धर्म सांगितला. त्या दिवसापासून राजाने सर्व प्राण्यांना अभय दिले आणि कुत्र्यांना आपल्या पंक्तीचे अन्न चालू केले. राजवाड्यातल्या त्या चोरट्या कुत्र्यांनाही कुणी मारले नाही, हे ध्यानात घ्या.

मी ही गोष्ट रंगवून सांगितली. माझ्या मते ती संपली होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागे बसलेली एक नऊ वर्षांची मुलगी उठून म्हणाली, "आजी, मग आधी मेली ती कुत्री?"

मी तिला काय सांगणार? म्हटले, "राजाला वाईट वाटलं." ती म्हणाली, "पण ती तर मेलीच ना." आणि खाली बसली. त्या दिवशी घरी जाताना मला एक जुनी गोष्ट आठवली. ती मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेली नाही. आज सांगते, तिच्यावाचून हे भाषण खोटे ठरेल.

१९८८ साली आम्ही सांगलीला होतो. सासूबाईंनी दिलेल्या मोत्याच्या कुड्या माझ्याजवळ होत्या. एका रविवारी केसांना तेल लावायचे म्हणून मी त्या काढल्या, जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधल्या आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या. तेलाच्या हातानेच बांधल्या, हे पुढे महत्त्वाचे आहे. आमच्याकडे भांडी घासायला एक बाई येत. सगळी त्यांना मावशी म्हणत. रविवारी शाळा नाही म्हणून त्यांची दहा वर्षांची मुलगी बरोबर येई, आईला भांडी विसळून देई. संध्याकाळी पाहते तो पुरचुंडी नाही.

मी कुणावर आळ घेतला नाही. असे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला सांगत असे. मी फक्त शेजारणीच्या देखत मावशींना विचारले, "तुमची पोर कपाटाकडे गेली होती का हो?" आणि दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या की मधले दार लावून घेऊ लागले. तिसऱ्या दिवशी मावशी राखेचे हात तसेच धरून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, माझ्या पोरीनं काय केलं?"

मी उत्तर दिले नाही. फळीवरची भांडी लावीत राहिले. चौथ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. पंधरा दिवसांचा पगार राहिला होता, तो न्यायलाही आल्या नाहीत. शेजारच्या दोन घरची कामेही त्यांची गेली. मी कुणाला काही सांगितले नव्हते. पण लावलेले दार सगळ्यांना दिसते.

दिवाळीच्या आधी घराला चुना द्यायचा म्हणून कपाट हलवले. मागे उंदराचे घरटे. कागदाचे तुकडे, शेंगांची टरफले, कापूस, आणि त्यात कुरतडलेली माझी चिंधी. उंदराला मोत्यांशी काय करायचे होते? खोबरेल तेलाचा वास लागलेली मऊ चिंधी त्याला घरट्यासाठी हवी होती. दोन्ही कुड्या तशाच होत्या. मी त्याच दुपारी मावशींच्या वस्तीत गेले. खोलीला दुसरेच कुणी राहत होते. म्हणाले, त्या गावी गेल्या. कोणत्या गावी, ते कुणाला ठाऊक नव्हते.

आपल्या महाभारताच्या आरंभीच सरमा पुन्हा भेटते. आदिपर्वात जनमेजयाचा यज्ञ चालला असता तिचे पिल्लू तेथे जाते आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे येते. सरमा आधी त्यालाच विचारते, की तू नक्की काही आगळीक केली असशील. ते म्हणते, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, चाटलेही नाही. मग ती उठून थेट यज्ञमंडपात जाते आणि विचारते, माझ्या निरपराध मुलाला का मारले? तेथे एवढे राजपुत्र, एवढे ऋत्विज. कुणी काही बोलत नाही. तेव्हा ती शाप देते, की तुझ्यावर न दिसणारे भय येईल. राजा घाबरतो आणि शापाचे निवारण करणारा पुरोहित शोधायला निघतो. तो त्या पिल्लाकडे गेल्याचे मात्र कथेत नाही.

ही कथा मी लहानपणी ऐकली होती आणि मला तेव्हा वाटले होते, की महाभारतासारख्या ग्रंथाच्या तोंडाशी हे कुत्र्याचे प्रकरण कशाला? आता तसे वाटत नाही.

जातकात आणखी एक गोष्ट आहे, महासार जातक. राणी स्नानाला उतरते, दागिने राखणाऱ्या दासीचा डोळा लागतो आणि एक माकडीण मोत्यांचा हार उचलून झाडाच्या ढोलीत लपवते. दासी घाबरून "चोर! चोर!" ओरडते. वाटेने एक खेडूत जात असतो. ओरडा ऐकून तो भिऊन पळतो, म्हणून पकडला जातो. मार चुकवण्यासाठी तो कबूल होतो, हार शेठजींना दिला म्हणतो. शेठजी पुरोहिताचे नाव सांगतात, पुरोहित गवयाचे. हार कुणी पाहिलेलाही नसतो! अमात्य त्या सगळ्यांना रात्री एकत्र ठेवून त्यांचे आपसातले बोलणे ऐकायला माणसे नेमतो. पुरोहित म्हणतो, तुरुंगात निदान गाणे ऐकायला मिळेल म्हणून मी गवयाला गोवले. येथे मुले हसून लोळतात. मग अमात्य बागेतल्या माकडिणींना मण्यांच्या माळा घालायला लावतो. त्या मिरवू लागतात. हार चोरलेलीला ते सहन होत नाही. ती मोत्यांचा हार घालून बाहेर येते, आणि सगळे सुटतात.

भिऊन पळणारा चोर नसतो, हे मुलांना येथे कळते. ते मला १९८८ साली कुणीतरी गोष्टीतून सांगायला हवे होते, असे मनात येते. पण उंदीर आमच्या घरातही होते आणि जातक सांगलीच्या वाचनालयातही असणारच. मी शोध घेतला नाही, एवढेच खरे.

आता सशाबद्दल सांगून माझी साक्ष संपवते. 'बनीक्यूला' हे डेबोरा आणि जेम्स हाउ या पतिपत्नींनी लिहिलेले पुस्तक १९७९ साली निघाले. डेबोराबाई त्याच्या आदल्या वर्षीच वारल्या. आपले हे लाडके पुस्तक छापलेले त्यांना पाहायला मिळाले नाही. एका घरात सशाचे पिल्लू येते आणि रोज सकाळी फ्रिजमधल्या भाज्या पांढऱ्याफटक सापडू लागतात. घरातले मांजर फार वाचणारे. ते ठरवते की हा ससा भाज्यांचे रक्त पिणारा पिशाच आहे. त्याचे पुष्कळ तर्क बरोबरही असतात. पण मग ते सशाला पिंजऱ्यातून बाहेरच पडू देत नाही, आणि ससा भुकेने झुरू लागतो. गोष्ट सांगणारा घरचा कुत्रा हॅरॉल्ड काही हुशार नाही. त्याला एवढेच दिसते, की आपला छोटा मित्र उपाशी आहे. तो त्याला मानेला धरून जेवणाच्या टेबलावरच्या कोशिंबिरीकडे नेऊ पाहतो. रहस्याचे काय व्हायचे ते होवो. आधी याच्या पोटात काही जाऊ दे. सगळ्या हेरांत मला हा मठ्ठ कुत्रा फार जवळचा वाटतो. मुलांना मी विचारले, की गाजर पांढरे झाले तर कुणाचे काय बिघडले? एक मुलगी म्हणाली, "कोशिंबीर चांगली दिसत नाही." पाककृती स्पर्धेच्या परीक्षकांनी हिच्यावर लक्ष ठेवावे!

यांतली इंग्रजी पुस्तके मुलांना एकट्याने वाचायला जरा जड जातील. म्हणून ती मी वाचून मराठीत सांगते. सांगताना दोन शनिवारांत तोडते आणि निकाल आधी फोडत नाही. जी गोष्ट शेवटी उपदेशाचे शेपूट लावते, ती मी शेपूट कापून सांगते. घरी तुम्हांला करायचे असेल तर कुक्कुर जातकापासून सुरुवात करा. त्याला पुस्तकही लागत नाही, ते आताच तुम्ही ऐकले आहे. मात्र तो मेलेल्या कुत्र्यांचा प्रश्न कुणी विचारला तर "राजाला वाईट वाटलं" असे सांगून सुटू नका. मी पुढच्या शनिवारी मुलांनाच तो घातला. कुणी म्हणाले, राजाने स्मशानात जाऊन त्यांच्या पिल्लांना शोधावे. कुणी म्हणाले, ज्या सेवकाने गटाराचे खोटे सांगितले त्याने रोज कुत्र्यांना जेवण वाढावे. जिने प्रश्न विचारला होता, ती म्हणाली, "राजाने तो हुकूम मोठ्यांदा परत घ्यावा. दिला तेवढ्या मोठ्यांदा."

यावरून शेवटची विनंती. मागच्या वर्षी आपल्या बालवाचनालयातली दोन पुस्तके नाहीशी झाली. त्यानंतर आपण एक नियम केला, की आपल्या घरी कामाला येणाऱ्या बायकांच्या मुलांनी पुस्तक येथेच बसून वाचावे, घरी नेऊ नये. नियम करताना कुणी कुणाचे नाव घेतले नाही. मी त्या बैठकीला होते आणि मीही हात वर केला होता. त्या दोन पुस्तकांपैकी एक गेल्या महिन्यात हार्मोनियमच्या पेटीमागे सापडले. दुसरे अजून मिळालेले नाही. नियम मात्र दारावर लावलेला आहे, आणि ती नऊ वर्षांची मुलगी त्याच मुलांपैकी आहे. ती दर शनिवारी तो वाचून आत येते.

माझी पुस्तकांची यादी पुढच्या बैठकीत पुन्हा येईल. ती मंजूर करा अगर करू नका. पण त्या दिवशी तो कागद दारावरून काढायचा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदनाला कुणीतरी हवे आहे.